पाऊणकी

चेंदणीच्या बंदरावर मी जो पाइप रोवला
तो बाबांच्या प्लंबिंगच्या कामातून उरलेला.
दर चार बोटांवर आईच्या नेलपॉलिशची रेघ.
सातव्या रेघेला बाटली संपली,
पुढच्या रेघा मी सुरीनं कोरल्या.
त्या लांबून दिसत नाहीत, हे नंतर कळलं.

पुस्तकात भरती-ओहोटी दोन मार्कांना होती.
सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत, आणि बाण.
त्या चित्रात आमचं बंदर कुठंच नव्हतं:
कलंडलेल्या तीन होड्या, थर्माकोल, देवाचे हार,
काळा चिखल, आणि चिखलात
एकच मोठी नांगी हलवून
कुणाला तरी बोलावणारे खेकडे.

जानकूबाय तिथंच जाळं शिवत बसायची.
घड्याळ तिला वाचता येत नव्हतं,
टोले मोजता येत होते.
"आज कंची तिथ?"
"चतुर्थी."
"चार पाउणे तीन," सुई न थांबवता ती म्हणाली,
"तीनला भरंल."

एक पाउणे पाऊण, दोन पाउणे दीड,
तीन पाउणे सव्वादोन…
तिच्या बापानं होडीत बसवून पाठ करून घेतलेलं.
चुकलं की वल्ह्यानं तोंडावर पाणी उडवायचा.
मला वाटायचं, पाऊणकी म्हणजे
आजोबांच्या काळातली, बंद पडलेली गोष्ट.
इथं ती रोज दोनदा चालू होती.

तीन वाजले. पाणी चौथ्या रेघेवर.
सव्वातीन. पाचवी, आणि चढतंच होतं.
पावणेचारला कुठं ते थबकलं.
म्हणजे, थबकलंसं वाटलं.
थांबलेलं पाणी आणि थांबायच्या बेतातलं पाणी,
यांतला फरक मला अजून नीट सांगता येत नाही.

मी म्हटलं, तुझी पाऊणकी चुकली.
मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.
तिनं दातांनी दोरा तोडला.
"ती पाऊणकी दर्याची हाय. आपुन खारीच्या टोकाला.
तिथशी हिथवर पानी चालत येतं, पोरी.
वाट हाय ना त्याला."

किती वाट? चालतं किती जोरात?
"मना नाय म्हाईत," ती म्हणाली.
मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य
मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

वाशीगावात माझा मावसभाऊ, हरेश.
ठरलं असं: तिकडं पाणी टोकाला गेलं
की त्यानं मिस्ड कॉल द्यायचा.
मी वेळ लिहायची,
आणि आमच्या पाइपाकडं बघत बसायचं.
पहिल्या दिवशी सदतीस मिनिटं.
दुसऱ्या दिवशी चाळीस.
तिसऱ्या दिवशी अकरा,
कारण तो क्रिकेट खेळत होता
आणि आउट झाल्यावर त्याला आठवलं.
ते अकरा मी खोडले नाहीत.
बाजूला "हरेश" असं लिहून ठेवलं.

एका उधाणाला पाइपच गेला.
आई म्हणाली, बरं झालं. बाबांनी दुसरा दिला.
परीक्षेत मी चंद्र काढला, बाण काढले,
दोनपैकी दोन मिळाले.
वहीतलं काही तिथं लिहिलं नाही,
मागितलंच नव्हतं.

एकादशीला जानकूबायनं उलट मलाच विचारलं,
"आज किती वाजता गो?"
अकरा पाउणे सव्वाआठ,
आणि वर आपली पाऊण.
"नऊ."
तिनं मान वर केली नाही, पण सुई थांबली.
मग ती चपला शोधायला लागली.

पुढं मार्गशीर्षात एकदा
पाणी वीस मिनिटं लवकर आलं.
हरेश त्या दिवशी जागेवर होता, मी विचारून घेतलं.
वारा असेल. किंवा माझंच घड्याळ.
किंवा पाण्याचं त्याचं त्याचं काहीतरी.
बाजूला कुणाचं नाव लिहायचं कळेना.
तेवढी जागा
कोरी आहे.